इलिओस्टॉमी आणि कडेवरचं मूल: कोणती बॅग, कोणती गाडी?

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते, तेव्हा बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा, तिच्या ऑपरेशनला चार महिने झालेले. तिने एकच विचारलं, "ताई, गणपतीला गावी जाता येईल का हो मला?" मी "येईल" म्हटलं आणि तेवढ्यात तिचा नंबर लागला. पुढचं सगळं बोलायचं राहून गेलं. ते इथे लिहिते आहे.

माझं थोडक्यात सांगते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजारामुळे, मोठं आतडं काढावं लागलं, तेव्हा लेक सात महिन्यांची होती. आता ती अडीच वर्षांची आहे. माझ्या पोटावर उजव्या बाजूला स्टोमा आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक बाहेर काढून केलेलं तोंड. यालाच इलिओस्टॉमी म्हणतात. त्यावर मल साठवणारी बॅग. राहायला डोंबिवली, सासर कुडाळजवळ. ऑपरेशननंतर पाच वेळा कोकणात जाऊन आले. तीनदा रेल्वेने, एकदा गाडीने, एकदा विमानाने. एसटीचा अनुभव गावातून तालुक्यापर्यंतचाच.

पहिल्या खेपेला मी वेळ आणि पैसे एवढंच ताडून पाहिलं होतं. ते चुकलं. बॅग रिकामी करायला दोन हात लागतात आणि अडीच वर्षांच्या पोरालाही दोन हात लागतात. म्हणून आता कुठलाही पर्याय समोर आला की मी दोन गोष्टी पाहते: त्या पाच मिनिटांत लेक कोणाजवळ असेल, आणि नळ कुठे आहे.

इलिओस्टॉमीत मल पातळ असतो आणि दिवसभर येत राहतो. बॅग एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, म्हणजे दिवसातून पाच ते आठ वेळा. कोलोस्टॉमीत, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असतं तेव्हा, मल बराचसा घट्ट असतो, त्यामुळे त्यांचा हिशेब निराळा. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

वन-पीस की टू-पीस

वन-पीसमध्ये चिकटणारी प्लेट आणि पिशवी एकत्र असतात. टू-पीसमध्ये प्लेट पोटावर तीन-चार दिवस राहते आणि पिशवी तिच्या कड्यावर बसवायची-काढायची. घाईच्या वेळी खराब पिशवी काढून स्वच्छ लावता येते, कातडीला हात लावावा लागत नाही. ऐकायला हे लेकुरवाळीसाठी अगदी सोयीचं वाटतं. मीही तशीच सुरुवात केली.

पण लीक होतं ते बहुतेक वेळा प्लेटच्या खालून. पिशवी बदलून ते थांबत नाही, प्लेट काढावीच लागते. म्हणजे ज्या प्रसंगाच्या भीतीने आपण टू-पीस घेतो, नेमक्या त्याच प्रसंगी तिचा उपयोग थोडा. शिवाय त्या कड्याला जाडी असते. लेक अंगावर उडी मारून यायची, गुडघा नेमका कड्यावर बसायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. एकदा तिने खेळता खेळता पिशवीची कड ओढली आणि कडं अर्धं सुटलं. त्यात तिची काही चूक नव्हती, त्या वयात मूल जे हाताला लागेल ते ओढतंच.

वन-पीस मऊ आणि सपाट असते. लेगिंगखाली कळत नाही, पोटावर मूल झोपलं तरी टोचत नाही. तोटा असा की ती लावताना स्टोमा नीट दिसत नाही, अंदाजाने बसवावी लागते. हात बसायला मला तीन आठवडे लागले. आणि बदलताना दर वेळी कातडीवरून चिकट थर निघतो, त्यामुळे ओढून न काढता ओल्या कापडाने हळूहळू सोडवायची.

माझं मत: इलिओस्टॉमी असेल, मूल तीन वर्षांखालचं असेल आणि स्टोमा पोटाच्या वर नीट आलेला असेल तर खालून उघडणारी वन-पीस घ्या, घरी आणि प्रवासातही. कोलोस्टॉमी असेल तर मी उलट सांगेन. टू-पीस घ्या, बंद पिशव्या वापरा, भरली की काढून गुंडाळा आणि नवी लावा. स्टोमा आत ओढलेला असेल किंवा आजूबाजूला खळगा असेल, तर प्लेटचा आकारच वेगळा लागतो. ते स्टोमा नर्सने पोट बघूनच ठरवायचं. एक गोष्ट मात्र दोघींसाठी सारखी: प्रवासाच्या दिवशी नवी बॅग पहिल्यांदा लावू नका. आधी घरी दोन आठवडे वापरून बघा.

चिकटणाऱ्या बॅगचा जन्मही घराबाहेर पडण्याच्या भीतीतूनच झाला. १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन या नर्सने ही कल्पना मांडली. तिच्या थोरा नावाच्या बहिणीचं स्टोमाचं ऑपरेशन झालं होतं आणि गळतीच्या धास्तीने ती बाहेर पडेनाशी झाली होती. बॅग हातात घेताना मला अजून त्या दोघी बहिणी आठवतात.

आता कपडे आणि उचलणं. सलवारीची किंवा परकराची नाडी स्टोमावरून गेली की बॅग वरच्या वर अडते आणि मल खाली उतरत नाही. बाळंतपणानंतरच्या उंच कमरेच्या लेगिंग यासाठी फार चांगल्या. स्टोमा उजवीकडे असेल तर मूल डाव्या कडेवर घ्यायची सवय लावा. ऑपरेशननंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे मात्र कोणत्याच कडेवर नको, कारण स्टोमाशेजारी हर्निया होण्याचा धोका असतो. त्या दिवसांत मी खाली बसायचे आणि लेक चालत येऊन मांडीवर चढायची.

रेल्वे, गाडी, विमान, एसटी

नवरा बरोबर असेल तर माझी पहिली पसंती रेल्वेला. डब्यातच संडास असतो, कोणाला गाडी थांबवायला सांगावं लागत नाही आणि लेकीला हिंडायला जागा मिळते. मी नेहमी डब्याच्या टोकाकडची जागा घेते. लोक वास आणि वर्दळ म्हणून ती टाळतात, मला तीच हवी असते. वेस्टर्न कमोड कोणत्या टोकाला आहे ते चढल्या चढल्या बघून ठेवायचं. भारतीय पद्धतीच्या संडासात वाकून रिकामी करताना शिंतोडे उडतात, म्हणून आधी भांड्यात पाणी ओतायचं आणि मगच पिशवीचं तोंड उघडायचं. कपडे वाळत घालायचा चिमटा जवळ ठेवते. कुर्ता वर करून गळ्याशी चिमटा लावला की दोन्ही हात मोकळे होतात. गणपतीच्या गर्दीत डब्यातलं पाणी संपतं, त्यामुळे लिटरभराची वेगळी बाटली केवळ यासाठी.

रात्रीची गाडी की दिवसाची? पहिल्यांदा मी रात्रीची घेतली, लेक झोपेल म्हणून. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण तिकीट काढलं नाही तर बर्थही मिळत नाही. ती रात्रभर माझ्या पोटाला पाय लावून झोपली आणि मी बॅग फुगली का हे चाचपत जागी राहिले. आता आम्ही दिवसाच्याच गाडीने जातो. मांडवीने जा किंवा जनशताब्दीने, खिडकीबाहेर बोगदे मोजण्यात पोरांचा वेळ चांगला जातो.

रोज लोकलने नोकरीला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत ऑस्टोमी रुग्णांचा, म्हणजे आपल्यासारख्या स्टोमा असलेल्यांचा, वेगळा उल्लेख आहे, महिन्याच्या आणि तीन महिन्यांच्या पासवर पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात ५० टक्के. ही सवलत आहे हेच मला वर्षभर कोणी सांगितलं नव्हतं.

स्वतःच्या गाडीत सगळ्यांना मोकळीक वाटते, कारण हवं तिथे थांबता येतं. पण थांबता येणं म्हणजे संडास मिळणं नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावर पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं हाच आधार, आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. काम चाललेल्या पट्ट्यात अडकलात तर तासभर हलता येत नाही. सीट बेल्टचा आडवा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर खाली घ्यायचा. तरीही तो बॅगवर येत असेल तर मध्ये घडी घातलेला मऊ टॉवेल. बॅगांचा साठा डिकीत ठेवून जेवायला उतरू नका. उन्हात तापलेल्या गाडीत प्लेटचा चिकट थर मऊ पडतो आणि मग तो पोटावर टिकत नाही. गाडीचा खरा फायदा वेगळाच आहे. सासूबाई बरोबर असल्या की लेक त्यांच्याजवळ निवांत राहते, आणि शेवटचा उपाय म्हणून पडदे लावून मागच्या सीटवर बॅग बदलता येते. मी एकदा तसं केलंय. बाहेर पाऊस होता, सासूबाई छत्री धरून दाराशी उभ्या होत्या. तिघंचौघं मोठी माणसं बरोबर असतील तर गाडी रेल्वेइतकीच चांगली. नवरा गाडी चालवणार आणि मागे तुम्ही नि मूल दोघंच असाल, तर मुळीच नको.

एकटीने मुलाला घेऊन जायचं असेल तर मी विमान सांगेन, पैसे जास्त गेले तरी. मुंबईहून गोव्याचं उड्डाण सव्वा तासाच्या आसपास. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरलं की सिंधुदुर्ग जवळच. विमानतळावर दिव्यांगांसाठीचं मोठं स्वच्छतागृह असतं, त्यात आपण आणि मूल दोघं मावतो. चढायच्या अगदी आधी तिथे बॅग रिकामी केली की उतरेपर्यंत गरज पडत नाही. तपासणीची भीती मला फार होती. पण आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करते. मी आधीच सांगितलं, "पोटावर ऑपरेशनची पिशवी आहे," आणि डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. तिने वरून हलका हात फिरवला, तेवढंच. बॅग काढून दाखवावी लागत नाही. हवेत केबिनचा दाब साधारण सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका असतो, त्यामुळे बॅगेतली हवा थोडी फुगते. फाटत नाही. आदल्या रात्री वाल, कोबी, मुळा टाळला की पुरतं. कात्री हातातल्या सामानात अडवली जाऊ शकते, म्हणून प्लेटची भोकं घरूनच कापून न्या, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी. आणि बॅगांचा साठा चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नका.

एसटीबद्दल थोडंच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पण गाडीत संडास नसतो. दोन तासांपर्यंत ठीक. रात्रभराची स्लीपर बस माझ्या मते नकोच.

घरात उतरायचं की लॉजवर

यावर आमच्या घरी सगळ्यात जास्त बोलणं झालं. गणपतीत गावच्या घरी वीस माणसं, संडास एक, तोही अंगणापलीकडे. लॉजवर स्वतःचं न्हाणीघर, दार लावता येतं. मी लॉजच ठरवलं होतं. सासूबाईंनी कारण विचारलं आणि मी पहिल्यांदा सगळं मोकळं सांगितलं, लीक होण्याची भीतीसुद्धा. त्या काही बोलल्या नाहीत. गावी पोचलो तर माजघराशेजारच्या न्हाणीत कमोडची खुर्ची, दोन बादल्या, आरसा आणि दाराला आतून नवी कडी. पूजेला बसताना मी मागे सरकले, तेव्हा त्यांनी हात धरून पुढे बसवलं.

असं घर असेल तर घरीच राहा. मुलाला चुलत भावंडं मिळतात आणि लेक कोणाजवळ राहील हा प्रश्नच उरत नाही. पण घरात हे सांगायची सोय नसेल, लपवून राहावं लागणार असेल, तर लॉज घ्या आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. लपवायचं म्हणून रिकामी करणं लांबवलं की बॅग भरून ओघळते, आणि नको तेच घडतं.

गावी कचऱ्याची गाडी येत नाही. वापरलेली बॅग रिकामी करून, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून मी काळ्या पिशवीत ठेवते आणि डोंबिवलीला परत आणते. जाळायची नाही.

खाण्यात कोकणात जपायचं ते ओल्या खोबऱ्याला. मोठं आतडं गेलेल्यांना खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे, मक्याचे दाणे आतड्यात अडकू शकतात. खायचंच असेल तर बारीक वाटलेलं, थोडं, नीट चावून. पेज मात्र आपल्यासाठी फार गुणाची: भात मल घट्ट करतो आणि वर मीठ घालता येतं. उकाड्यात नुसतं पाणी पीत राहिलं तर मल आणखी पातळ होतो आणि अंगातलं मीठ वाहून जातं. ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक घोट घोट घ्यावं. अंगावर पाजत असाल तर जास्तच. लघवी कमी आणि गडद झाली, चक्कर आली तर वाट बघायची नाही. चार ते सहा तास बॅगेत काहीच आलं नाही, पोटात कळा आणि उलटी असेल तर थेट रुग्णालय. आमच्याकडे ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. तुमच्या गावाजवळचं कुठलं आणि तिथे सर्जन असतात का, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

बॅग बदलायची ती पहाटे, चहाच्याही आधी. पोट रिकामं असतं, मल जवळजवळ येत नाही आणि मूल झोपलेलं असतं. लागतील त्याच्या दुप्पट बॅगा घ्या. निम्म्या स्वतःजवळ आणि निम्म्या नवऱ्याच्या पिशवीत.

आणि हो, रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीची तारीख बघून मोजा. उघडलं त्या सकाळीच बसा, टोकाकडच्या जागा मागा.