पिंक प्रिन्सेस: झाडाला चार तारे, चिठ्ठीला शून्य

पिंक प्रिन्सेस म्हणजे काळपट हिरव्या पानांवर गुलाबी रंग असलेलं, कुंडीत लावायचं शोभेचं फिलोडेंड्रॉन; याहून जास्त सांगत बसत नाही. घेतलेल्यांना पानं माहीत आहेत, न घेतलेल्यांना किंमत. माझं भांडण कुंडीसोबत आलेल्या चिठ्ठीशी आहे. 'ओरिजिनल मॅकॉली लाइन, १९७०', म्हणजे मॅकॉलींनी तयार केलेल्या मूळ झाडाचाच हा वंश, असा दावा. एवढ्या ओळीचे साध्या रोपापेक्षा ६०० रुपये जास्त!

उन्हाळ्यात पानं हिरवीगार यायला लागली, तेव्हा विक्रेत्याला म्हटलं, लाइन ओरिजिनल ना, मग कागद दाखवा. उत्तर आलं, 'सर, उजेड वाढवा.' कागदाबद्दल चकार शब्द नाही.

कागद येणार तरी कुठून? ही ज्या जातीत धरतात ती फिलोडेंड्रॉन इरुबेसेन्स कोलंबियाची, तिचं शास्त्रीय वर्णन १८५४चं. इथवर पक्कं, पुढे सगळं सांगोवांगी. फ्लोरिडाच्या रॉबर्ट मॅकॉलींनी फिलोडेंड्रॉनचे पुष्कळ संकर केले, हे खरं. ही गुलाबीही त्यांच्याच हातची, १९७०च्या दशकातली, असं जो तो दुसऱ्याचं ऐकून लिहितो. अमेरिकेत १९३०पासून झाडाचं पेटंट मिळतं, अर्जात त्याचं मूळ सांगावं लागतं. हिचं पेटंटच नाही. मग संकर कुणाशी, की फांदीवर आपोआप झालेला बदल, हे छातीठोकपणे कोण सांगणार? पेटीवर देवगड छापून कर्नाटकचा आंबा विकतात, तिथे निदान चव तरी कळते.

आता झाडाबद्दल. रागाच्या भरात दोन तारे दिले होते, ते चार करतोय. गुलाबी भागात हरितद्रव्य नसतं आणि रंग ठरतो तो खोडातल्या पेशींवर. खोडच हिरवं झालं तर उजेड वाढवून काही होत नाही. मी खोड फिरवून पाहिलं. खाली एका पेरावर गुलाबी रेघ थेट डोळ्यातून (जिथून नवा फुटवा येतो तिथून) गेलेली होती. त्याच्या जरा वर ब्लेडने छाटलं. फुटवा आला, तांबूस आवरणातून पान उलगडलं: अर्धं काळपट हिरवं, अर्धं गुलाबी. ६०० रुपये विसरलो, पाच मिनिटं.

(पूर्ण गुलाबी पानांना भुलू नका, ती कडेने करपतात. आणि पिंक काँगो नावाचं दुसरं गुलाबी फिलोडेंड्रॉन तर घेऊच नका; त्याचा गुलाबी रंग रसायनाने आणलेला असतो, काही महिन्यांत उतरतो.)

पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या खरेदीवर कूपन देतो म्हणाले. घ्यायचीच तर टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली) साधी घ्या, आणि पैसे भरण्याआधी पानाचा नव्हे, खोडाचा फोटो मागा.