सबमॉड्यूल की सबट्री? दोन्ही वापरून झाल्यावर

बाहेरची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) आपल्या रेपोत, म्हणजे गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात, ठेवायचे गिटचे दोन मार्ग म्हणजे सबमॉड्यूल आणि सबट्री. एनपीएम, पिप, कार्गोवाल्यांनी (जावास्क्रिप्ट, पायथन, रस्टवाल्यांनी) हे वाचलं नाही तरी चालेल, तुमचं काम लायब्ररी आणून देणारा पॅकेज मॅनेजर करतोय आणि बरंच करतोय (2016 चं लेफ्ट-पॅड सोडा, 11 ओळींचं पॅकेज रजिस्ट्रीवरून काढलं आणि जगभरात लोकांचे बिल्ड पडले). प्रश्न आहे आमच्यासारख्या सी++ वाल्यांचा, ज्यांना दोन-तीन लायब्ररीज सोर्ससकट रेपोत हव्या असतात आणि त्यातल्या एखादीत अधूनमधून हातही घालावा लागतो.

मी तीनेक वर्षं सबमॉड्यूल वापरलं. कल्पना चांगलीच आहे, मेन रेपोत लायब्ररीचा कोड नसतोच, नुसता पत्ता आणि कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, त्यामुळे रेपो हलका आणि कुठलं व्हर्जन वापरतोय ते पक्कं. नवीन माणूस क्लोन करताना (रेपोची आपली प्रत घेताना) रिकर्स सबमॉड्यूल्स हा पर्याय द्यायला विसरतो, मग रिकामं फोल्डर बघून विचारायला येतो, त्याची सवय होते. सबमॉड्यूल अपडेट केलं की आत डिटॅच्ड हेड असतं, म्हणजे आपण कुठल्याच ब्रँचवर नसतो, त्याचीही होते.

सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. गणपतीच्या आदल्या दिवशी जेसन पार्सरमध्ये (जेसन डेटा वाचणाऱ्या लायब्ररीत) बग सापडला, सबमॉड्यूलच्या फोल्डरात जाऊन दुरुस्त केला, कमिट केला, बाहेर येऊन मेन रेपोत नवा हॅश कमिट केला, पुश केला (सर्व्हरवर पाठवला), लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि रात्रीच्या गाडीने गावी. सबमॉड्यूलच्या आतला पुश राहिला! गिट एका शब्दाने बोललं नाही. सकाळी आरतीच्या वेळेला टीममधल्या एकाचा फोन, "दादा, तुझा कमिट कुठंय, सर्व्हर म्हणतोय असं काही नाहीच." कमिट कपाटात, किल्ली माझ्या खिशात आणि मी कोकणात. शेवटी त्याने हॅश जुन्यावर नेला आणि माझ्या दुरुस्तीशिवायच बिल्ड सोडला.

आता कोणी म्हणेल की पुशच्या सेटिंगमध्ये रिकर्स सबमॉड्यूल्सला 'चेक' लावलं की गिट अडवतं. अडवतं, मान्य. पण ते सेटिंग क्लोनबरोबर येत नाही, प्रत्येकाने आपापल्या मशीनवर लावायचं, आणि ज्याला ते लावायचं सुचतं तो बहुतेक आतला पुशही विसरत नाही.

त्यानंतर सबट्रीवर आलो. गिट सबट्री ॲड, प्रीफिक्स (कुठल्या फोल्डरात), स्क्वॉश (लायब्ररीची हिस्टरी एकाच कमिटमध्ये दाबायची), झालं, फाइल्स खरोखर आपल्याच रेपोत. क्लोन करणाऱ्याला कळतही नाही की ही बाहेरची लायब्ररी आहे, आणि आतली दुरुस्ती अन् तिच्यासाठी मेन कोडमध्ये केलेला बदल एकाच कमिटमध्ये जातो. मागे काही राहायचा प्रश्नच नाही. स्क्वॉश मात्र विसरू नका, नाहीतर त्या लायब्ररीची सगळी हिस्टरी तुमच्या लॉगमध्ये येऊन बसते.

खोड्या हिच्यातही आहेत. लायब्ररी कुठून आणली तो पत्ता सबमॉड्यूलसारखा फाइलीत नोंदलेला राहत नाही. सबट्रीच्या मर्जवरून साधा रीबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) मारला तर फाइल्स भलत्याच ठिकाणी पडतात, मी एकदा करून बसलोय. आपली दुरुस्ती मूळ लायब्ररीला परत पाठवायची तर स्प्लिट करावं लागतं, म्हणजे त्या फोल्डरचे कमिट वेगळे काढावे लागतात, ते अख्खी हिस्टरी चाळतं, आमच्याकडे तेवढ्यात चहा पिऊन होतो. पण हे काम मी वर्षातून दोनदा करतो, पुश रोज करतो.

लायब्ररी अवाढव्य असेल, किंवा ती वेगळ्या टीमची असून रोज बदलत असेल, तर सबमॉड्यूलच घ्या, मी भांडणार नाही. आमच्याकडेही एक टेस्ट डेटाचा रेपो अजून सबमॉड्यूलच आहे, त्याला कोणी हात लावत नाही म्हणून टिकलाय. बाकी तिन्ही लायब्ररीजचे पत्ते आणि टॅग (व्हर्जनची नावं) एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहून रेपोतच टाकलेत, अपडेट करायचं झालं की तीच चालवतो.