कार्बनचं बोनेट, फायबरचं बोनेट की कंपनीचाच पत्रा?

कार्बनचं, म्हणजे कार्बनतंतूंच्या कापडापासून बनवलेलं बोनेट घ्यायचं मनात आलं की आपण आधी विणीचे फोटो बघतो, मग भाव विचारतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी गॅप बघा. कंपनीच्या गाडीत बोनेट आणि फेंडरमधली फट साधारण ३ ते ४ मिलीमीटर असते, आणि दोन्ही बाजूंना सारखी असते. बाहेरून आणलेला पार्ट तिथेच नापास होतो.

मी माझ्या सेडानसाठी आणलेलं बोनेट डावीकडे ३ आणि उजवीकडे ७ मिलीमीटरवर बसलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मेस्त्रींनी बिजागरीची भोकं लांबट केली, रबरी स्टॉपर वर-खाली केले, तरी जमेना तेव्हा कड तासली. कड तासली की तिथलं लॅकर (वरचा पारदर्शक लेप) जातं आणि ते पुन्हा मारावं लागतं. गाडी तीन दिवस तिथेच उभी. मजुरी धरून हिशेब केला, तेव्हा त्याच पैशांत जास्त चांगल्या साच्यातला पार्ट आला असता हे कळलं आणि फार वाईट वाटलं.

‘कार्बन’ या एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. ड्राय कार्बन म्हणजे आधीच रेझिन (सुकल्यावर कडक होणारा राळेसारखा चिकट पदार्थ) मुरवलेलं कापड साच्यात बसवून, हवा काढून, ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीमध्ये दाब आणि उष्णतेखाली पक्कं केलेलं. हलकं, ताठ आणि सर्वांत महाग. वेट कार्बनमध्ये बहुतेक वेळा दिसणारा वरचा थर कार्बनचा आणि खालचे थर काचतंतूचे, म्हणजे आपण ज्याला नुसतं फायबर म्हणतो त्याचे. ओव्हरलेमध्ये मूळ पार्टवरच कार्बनचं कापड चिकटवून लॅकर मारतात. आणि शेवटी साधं फायबर, रंग देऊन. स्वस्तात मिळणारं ‘कार्बन बोनेट’ बहुधा वेट कार्बनचं असतं. ते उलटं करून बघा. खाली काळा रंग फासलेला असेल आणि त्याखाली विस्कटलेले धागे जाणवत असतील, तर ड्राय कार्बनचा भाव देऊ नका.

वजनाचं गणित आकर्षक वाटतं. कार्बन कंपोझिटची, म्हणजे कापड आणि रेझिन मिळून झालेल्या वस्तूची, घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम, पोलादाची ७.८५. पण कार्बन जाड थरात वापरावं लागतं. त्यामुळे १६ किलोचं बोनेट चांगल्या कार्बनमध्ये ८ किलोवर आलं, असं धरू. वाचलेलं वजन सुमारे ११ लिटर पेट्रोलएवढं. टाकी अर्धी भरलीत तरी शहरातल्या गाडीला तेवढाच फरक पडतो. ट्रॅकवर जाणाऱ्याला त्याची किंमत आहे, अंधेरी ते बीकेसी करणाऱ्याला नाही. वेट कार्बनमध्ये तर ही बचतही आणखी घटते.

परदेशातून मागवणार असाल तर खोक्याचं माप आधी विचारा. हवाई कुरिअर बहुतेक वेळा आकारमानावर पैसे लावतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. १६० × १४० × २५ चं खोकं ११२ किलो धरलं जातं, आत ८ किलोचा पार्ट असला तरी. शिवाय कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीवरच नाही, भाडं आणि विमा मिळवून लागते. आरशाच्या कव्हरांना हा त्रास जवळजवळ नाही.

मॉडेलचं नाव जुळलं म्हणजे फिटिंग जुळलं असंही नाही. परदेशातल्या स्विफ्ट स्पोर्टचा पुढचा बंपर आपल्याकडच्या साध्या स्विफ्टपेक्षा वेगळा आहे, त्यामुळे त्याची लिप (बंपरच्या खालच्या कडेची पट्टी) आपल्या गाडीला थेट बसत नाही. गाडी फेसलिफ्टच्या (त्याच मॉडेलचं रूप कंपनीने बदलल्याच्या) आधीची की नंतरची, हे वर्ष सांगूनच ऑर्डर द्या.

आता आपल्या हवेचं. उन्हात उभ्या काळ्या पृष्ठभागाचं तापमान ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतं, त्यात खालून इंजिनाची धग. खोलीच्या तापमानाला सुकवलेलं स्वस्त इपॉक्सी रेझिन तिथे मऊ पडतं आणि बोनेट वाकतं. उन्हातले अतिनील किरण अडवणारं चांगलं यूव्ही लॅकर नसेल तर पिवळेपणा येतो. गाडी सावलीत ठेवायची सोय नसेल तर मी मोठा कार्बन पार्ट घेऊच नका म्हणेन. आणि वरळी, वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत आणखी एक गोष्ट: कार्बन वीजवाहक आहे. ओलावा आणि मीठ मिळालं की त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम किंवा लोखंड लवकर गंजतं. मेस्त्रींना भोकांच्या कडा इपॉक्सीने बंद करायला आणि बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घालायला सांगा. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण आपण मागितल्याशिवाय सहसा कोणी करत नाही.

माझी निवड सांगतो. पुढची लिप कार्बनची नकोच. आपले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे बघता ती घासणार हे नक्की. प्लास्टिक वाकून परत येतं, कार्बन तडकतं. आरशाची कव्हरं आणि डिकीचा छोटा स्पॉयलर खऱ्या कार्बनचे जरूर घ्या, तिथे फिटिंग सोपं आणि पैसे डोळ्यांना दिसतात. बोनेटवर फक्त वीण हवी असेल तर चांगल्या हाताचा ओव्हरले वेट कार्बनपेक्षा मला जास्त पटतो, कारण खालचा पत्रा, लॉक आणि गॅप कंपनीचेच राहतात. वजन थोडं वाढतं, ते वाढू दे. पूर्ण कार्बन बोनेट घेतलंच तर लॉकचा भाग हलवून बघा. तो नुसता रेझिनमध्ये चिकटवलेला असेल तर बोनेट पिन (बोनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या पिना) लावल्याशिवाय एक्स्प्रेसवेवर जाऊ नका.

विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी या पार्टचे पैसे मिळणार नाहीत. रंग आरसीवर नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दलच आहे, तेव्हा पूर्ण काळं बोनेट लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मूळ बोनेट मात्र विकू नका. गाडी विकताना ते लागतं. वन बीएचकेत ते ठेवायला जागा नसते हे मला माहीत आहे. माझं दोन वर्षं पलंगामागे चादरीत गुंडाळून उभं आहे. तेवढीही जागा निघत नसेल, तर आरशाच्या कव्हरांवरच थांबा.