होह वर्षावनातली गाइडेड फेरी: चाललो थोडं, पाहिलं भरपूर

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कमध्ये होह वर्षावन आहे. तिथली गाइडेड फेरी आईने आणि मी केली. पैसे पुरेपूर वसूल झाले, हे आधीच सांगते. ‘हॉल ऑफ मॉसेस’ची वाट जेमतेम सव्वा किलोमीटरची. आपले आपण गेलो तर फोटो काढत अर्ध्या-पाऊण तासात बाहेर. आमच्या गाइडबाईंनी तीच वाट सकाळभर पुरवली.

एका ठिकाणी सिट्का स्प्रूसची प्रचंड झाडं ओळीत उभी होती, दोरी धरून लावल्यासारखी. बुंध्यांखाली पोकळी, पार पलीकडचं दिसेल एवढी. बाईंनी आधी आम्हालाच विचारलं, “इथलं काय नाहीसं झालंय सांगा?” आई पटकन म्हणाली, “आडवं पडलेलं झाड!” बरोबर होतं. जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची एवढी दाटी असते की इवल्या रोपाला जागाच मिळत नाही. पडलेल्या ओंडक्यावर मात्र बी रुजतं आणि मुळं त्याला कवळून खाली मातीत उतरतात. पुढे ओंडका कुजून जातो, पोकळी तेवढी राहते. मेपलची तर आणखीच कमाल. फांद्यांवर शेवाळाचा जो जाड थर साचतो, त्यात हे झाड वरच्या वरच मुळं सोडतं. तुटून पडलेल्या एका फांदीवर ती बारीक मुळं त्यांनी दाखवली, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे जंगल, त्यामुळे रेनकोट चांगलाच हवा. फेरीच्या आयोजकांनी दिलेले पातळ पोंचो खांद्यावर फाटले.

नदीकाठी रूझवेल्ट एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांच्या, माद्यांचा कळप चरत होता. किमान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर अंतर ठेवायचा पार्कचा नियम आहे. दोघं-तिघं मोबाइल घेऊन पुढे सरकायला लागले, तर बाईंनी त्यांना ठामपणे मागे घेतलं. मला हे फार आवडलं. १९३८ साली हे पार्क झालं, त्यात या एल्कना वाचवणं हा मोठा हेतू होता. तिथे त्यांनाच पळवून लावायचं म्हणजे काय! एल्क झुडपं खातात म्हणून हे जंगल आतून मोकळं राहतं, हेही तिथेच कळलं.

तक्रार एकच: गट फार मोठा होता. मागच्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं, म्हणून आईला घेऊन मी पुढेच राहिले. बुकिंग करताना गटात किती जण असतील ते विचारून घ्या आणि सकाळची पहिली फेरी धरा. उन्हाळ्यात उशिरा येणाऱ्या गाड्या प्रवेशद्वारापाशी ताटकळतात.