जपानहून मागवलेला 'भंगार' फॅमिकॉम: घ्यावा का?

आधी निकाल सांगते. जपानी लिलावात 'जंक', म्हणजे भंगार म्हणून विकला जाणारा फॅमिकॉम (निंतेंदोचा जुना व्हिडिओ गेम) जरूर मागवा, पण सोल्डरिंग येत असेल तरच. येत नसेल तर ऑर्डर देण्याआधी जवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याशी ओळख वाढवा.

निंतेंदोचा हा लाल-पांढरा डबा जपानात १५ जुलै १९८३ ला आला, किंमत १४,८०० येन. आपण लहानपणी लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांचे जे 'व्हिडिओ गेम' टीव्हीला जोडून बसायचो, त्यांचा हा मूळपुरुष. कॅसेटची जोडणीसुद्धा तीच, साठ पिनांची. म्हणजे माळ्यावरच्या पिवळ्या '९९९९ इन १' कॅसेटला अस्सल जपानी घर मिळू शकतं. मला हा डबा हवा होता तो एवढ्यासाठीच. दादाच्या मते हे पैसे उडवायचे धंदे आहेत. तरी पहिला रिमोट त्यानेच हातात घेतला, हे इथे नोंदवून ठेवते.

खरेदी थेट होत नाही. याहू ऑक्शन्ससारख्या ठिकाणी जपानी पत्ता आणि फोन नंबर लागतो, म्हणून मध्ये एक मध्यस्थ कंपनी घ्यावी लागते. तुमच्या वतीने बोली तीच लावते, वस्तू तिच्या गोदामात येते आणि तिथून तुमच्याकडे. शेवटच्या क्षणी बोली मारून वस्तू पटकावू असं वाटत असेल तर विसरा. बहुतेक लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं पुढे सरकते, आणि समोर बसलेला जपानी माणूस तुमच्याहून चिवट असतो.

वर्णनापेक्षा फोटो वाचायला शिका. 'चालतं का ते तपासलेलं नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जंकखाली असतं. कधी विकणाऱ्याकडे खरंच अडॅप्टर नसतो, कधी तपासून झाल्यावरच ते लिहिलेलं असतं. मी दोन्ही रिमोटच्या वायरी डब्याच्या मागच्या बाजूला जिथे आत शिरतात तिथला फोटो मोठा करून बघते. हे रिमोट डब्यापासून सुटे होत नाहीत, त्यामुळे वायर तिथे पिचलेली असेल तर आतून बदलत बसावं लागतं. बटणं चौकोनी रबरी असतील तर माल अगदी सुरुवातीचा आहे. संग्राहक त्यावर जीव टाकतात, पण खेळायला गोल प्लास्टिकचीच बरी.

मध्यस्थाचं नाव लिहीत नाही, कारण काम एकंदरीत चोख झालं. पण 'तपासणी' म्हणून वेगळे पैसे घेऊन त्यांनी पाठवला तो डब्याचा वरून काढलेला एकच धूसर फोटो. त्या पैशांत मी चार वडापाव खाल्ले असते. जादा पॅकिंगचे पैसे मात्र मोजा. बबल रॅपचे इतके थर निघाले की सोलताना संध्याकाळ झाली, आणि आत एक ओरखडासुद्धा नव्हता.

टपालखर्च डब्याच्या किमतीहून जास्त जातो, त्याची मनाची तयारी ठेवा. जपान पोस्टची ईएमएस ही जलद टपालसेवा प्रत्यक्ष वजनावर पैसे घेते. खासगी कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि तो आकडा किलोतल्या वजनाहून मोठा आला तर तोच धरतात. हलक्या पण फुगीर पार्सलला हे फार महागात पडतं. ड्युटी नुसत्या वस्तूवर नाही, टपालखर्च धरून लागते आणि त्या सगळ्याच्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगायची जुनी युक्ती करू नका. डिसेंबर २०१९ पासून गिफ्टवरची ती ड्युटीची सवलत राख्या आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे. माझी ड्युटी पोस्टमनकाकांनी दारात पावती देऊन घेतली. सुट्टे मात्र मलाच शोधायला लागले.

आता खरी मजा. जपानात वीज १०० व्होल्टची. सोबत आलेला मूळ अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला लावलात तर त्याचं तिथेच विसर्जन होईल. शिवाय फॅमिकॉमच्या पिनेत आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतं, बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलट. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत मला तीन दुकानांनी 'हाच चालतो ताई' म्हणत सीसीटीव्हीचा बारा व्होल्टचा अडॅप्टर पुढे केला. शेवटी घेतला तो गिटारच्या इफेक्ट पेडलचा, नऊ व्होल्ट, एक अँपिअर. त्याच्याही आत निगेटिव्हच असतं आणि पिनही तंतोतंत बसते.

दुसरी अडचण टीव्हीची. हा डबा चित्र अँटेनाच्या वायरीतून पाठवतो, तेही जपानी चॅनेल १ आणि २ वर. आपले टीव्ही तिथे पोचतच नाहीत. म्हणून आतून एव्ही आउटपुट, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरींची जोडणी काढावी लागते. चित्र बनवणाऱ्या चिपच्या एकविसाव्या पायातून सिग्नल निघतो. तो एका ट्रान्झिस्टरमधून नेऊन पिवळ्या सॉकेटला द्यायचा. एवढंच केलं तर पडद्यावर उभ्या फिकट रेघा दिसतात, निळ्या आकाशात तर तुरुंगाच्या गजांसारख्या. तो पाय मदरबोर्डवरून उचलून मोकळा केला की रेघा बऱ्याच कमी होतात. चाळीस वर्षं जुना पाय उचलताना श्वास रोखला जातो, पण सोल्डर नीट वितळू दिलं तर तो निमूट वर येतो.

आणि मग ती पिवळी कॅसेट. मारिओ धावला तो आमच्या आठवणीतल्यापेक्षा जोरात. आमच्याकडचा जुना डबा पॅलवाला, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा होता, सेकंदाला पन्नास चित्रं. हा साठ दाखवतो, संगीतही चढ्या लयीत. दादा पहिल्याच खड्ड्यात पडला आणि 'मशीन खराब आहे' म्हणाला. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नाही, त्याऐवजी चिमुकला माईक आहे. त्यात ओरडलं की आवाज टीव्हीतून येतो. भाचरांनी हा शोध लावल्यापासून घरात शांतता नाही.

सुट्या भागांबद्दल थोडं. अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे बटणांखालचे रबर आणि कॅसेटचा स्लॉट हेही त्याच जपानी पार्सलमध्ये टाकून घ्या. गोदामात चार वस्तू जमवून एकत्र पाठवल्या तर टपाल परवडतं. फॅमिकॉमची डिस्क सिस्टिम (कॅसेटऐवजी डिस्कवरचे गेम चालवणारं जोडयंत्र) मात्र जंकमधून घेऊ नका. तिच्यातला रबरी पट्टा कालांतराने डांबरासारखा विरघळतो, तो खरवडून नवा बसवला तरी वाचणारं हेड पुन्हा जुळवण्यात रविवार जातात. निंतेंदोने स्वतः फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ मध्ये बंद केली, तेव्हा परत कुठे पाठवायचीही सोय नाही.

दादाने आता सुपर फॅमिकॉमचे फोटो पाठवायला सुरुवात केली आहे. टपालखर्च त्याने द्यायचा, अशी अट मी घातली आहे.