फोनवर एमबीए, कागदावर सर्टिफिकेट: लॉजिस्टिक्स लाइनमधल्या मुलांनो, ओटीपी देण्याआधी हे वाचा

मी न्हावाशेवा बंदराच्या पट्ट्यात एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करतो. आमच्या लाइनमधल्या तरुण मुलांना सध्या कोर्स विकणाऱ्यांचे फोन फार येतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. माझा भाचा आणि त्याची बायको, दोघंही यात भरडले गेले. त्यांना विचारूनच लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे कंपनीचं नाव देत नाही.

भाचा द्रोणागिरीतल्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरचा माल ठेवण्या-हाताळण्याच्या आवारात, डॉक्युमेंटेशनला आहे. शिपिंग बिल, फॉर्म १३, व्हीजीएम (कंटेनरचं प्रमाणित वजन), सीलची नोंद ही निर्यातीच्या कागदपत्रांची कामं त्याची रोजची, आणि त्यात तो पक्का आहे. शिक्षण तीन वर्षांचं बी.कॉम. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हा अनुभवावर माणसं वर चढायची. आता शिपिंग लाइन असो की मोठा फॉरवर्डर (दुसऱ्यांचा माल पाठवण्याची व्यवस्था करणारी कंपनी), असिस्टंट मॅनेजरच्या जागेला एमबीए विचारतात. म्हणून त्याने नोकरीच्या ॲपवर प्रोफाइल टाकलं, आणि फोन सुरू झाले.

फोनवरची मुलगी स्वतःला ‘ॲडमिशन काउन्सेलर’ म्हणवत होती. ऑनलाइन एमबीए, लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन, युजीसी अप्रूव्ह्ड, एका वर्षात पूर्ण, नोकरी सांभाळून. ब्रोशरवर एका खऱ्याखुऱ्या विद्यापीठाचा लोगो होता. भाच्याने ते विद्यापीठ नेटवर शोधलं, ते होतं. फी १,४०,००० रुपये, ‘स्कॉलरशिप’ धरून, आणि ती स्कॉलरशिप त्याच रात्री बारा वाजता संपणार होती. बोलता बोलता तिने घरातल्यांची चौकशी केली. बायको कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवते हे कळल्यावर दुसरा कोर्स पुढे आला: टीसॉल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, १२० तासांचं. घरातल्या दुसऱ्या माणसाला सवलतीत २८,०००. मग परदेशातल्या मुलांना घरबसल्या शिकवा, मानधन डॉलरमध्ये.

पुढचा भाग नीट वाचा, कारण खरी फसवणूक इथे झाली. रात्री दहाच्या सुमारास व्हिडिओ केवायसी झाली. आधार, पॅन, सेल्फी. ‘सर, ही फक्त फी-प्लॅनची नोंदणी आहे, ओटीपी सांगा.’ असे लागोपाठ ओटीपी गेले. त्यातला एक कर्जाच्या करारावरच्या ई-सहीचा होता आणि एक बँक खात्यावरच्या ई-मँडेटचा, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीचा. सकाळी मेल आला: एका फायनान्स कंपनीकडून दोन्ही कोर्सच्या फीचं मिळून १,६८,००० रुपयांचं कर्ज मंजूर, २४ हप्ते, दरमहा ७,०००. पैसे भाच्याच्या खात्यावर आलेच नाहीत, थेट कोर्सवाल्या कंपनीकडे गेले. त्यामुळे कंपनीला पूर्ण फी पहिल्याच दिवशी मिळाली. शिकवलं नाही तरी तिचं काही अडत नव्हतं. हप्ता चुकला तर सिबिल भाच्याचं बिघडणार.

लॉजिस्टिक्सच्या कोर्समध्ये रेकॉर्ड केलेले व्हिडिओ होते. अमेरिकेतले हायवे, तिथली गोदामं, तिथले ट्रकचे नियम. आईसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कागद, कशी भरतात, डीपीडी (बंदरातून थेट माल उचलणं) म्हणजे काय, ई-वे बिलाची मुदत कशी मोजतात, यातलं अक्षर नाही. मी स्वतः त्याच्याबरोबर बसून काही व्हिडिओ पाहिले. इन्व्हेंटरीच्या सूत्रांचा भाग बरा होता, पण तसं शिक्षण आयआयटीच्या प्राध्यापकांकडून एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर फुकट मिळतं, फक्त परीक्षेला तेवढी फी भरावी लागते.

सूनबाईचं दुःख मला जास्त लागलं. ती आगरी-कोळी घरातल्या मुलांना शिकवते, घरात इंग्रजी बोलणारी पहिलीच पिढी. ‘तो आला’चं ‘ही इज केम’ होतं ते तिला कळतं, त्याला सावरायचं कसं हे तिला शिकायचं होतं. कोर्समध्ये होत्या पीडीएफ आणि चार पर्यायांचे प्रश्न. चुकीचं उत्तर दिलं तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येत होता. एका शनिवार-रविवारात सगळं संपलं आणि प्रमाणपत्र आलं, त्यावर छापलं होतं ‘१२० तास’. एकाही खऱ्या वर्गावर तिने शिकवलं नाही, एकाही माणसाने तिचा तास पाहिला नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या प्रमाणपत्रामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून ते तपासतात. इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्रात पाहायचं असतं ते हेच. तिच्या प्रमाणपत्रावर ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ देणारी जी संस्था होती, तिच्या साइटवर मान्यतेचे पैसे भरायचं पान होतं, बाकी काही नव्हतं.

भांडं फुटलं ते एका फॉरवर्डरच्या मुलाखतीत. एचआरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तुमचा डेब आयडी द्या.’ भाच्याकडे तो नव्हता. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याला आपल्या एबीसी आयडीवरून (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याचा क्रमांक) युजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या पोर्टलवर स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. कंपनीने त्याला दिला होता तो ‘प्रोग्राम आयडी’. मग आम्ही त्याच पोर्टलवर विद्यापीठाचं नाव उघडलं. विद्यापीठ यादीत होतं, पण ऑनलाइन चालवायची परवानगी असलेल्या अभ्यासक्रमांत लॉजिस्टिक्सचं एमबीए नव्हतं. विद्यापीठाच्या कार्यालयाला मेल केला. उत्तर आलं की त्या कंपनीबरोबर फक्त अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राचा करार आहे, पदवीशी त्याचा संबंध नाही. कंपनीचा करार पुन्हा वाचला तर सातव्या पानावर ‘एमबीए-लेव्हल एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’. पदवी हा शब्द फोनवर होता, व्हॉट्सॲपवर होता, करारात कुठेच नव्हता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: विद्यापीठ खरं आहे का एवढंच पाहून थांबू नका. त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम, त्या सत्रासाठी, ऑनलाइन चालवायची परवानगी आहे का ते डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या त्याच पोर्टलवर पाहा. पोर्टलवर अभ्यासक्रमाचं नाव नसेल तर काउन्सेलर काहीही म्हणो, प्रवेश घेऊ नका. प्रवेश विद्यापीठाच्याच साइटवरून घ्या, फी विद्यापीठाच्याच खात्यात भरा. युजीसीच्या २०२० च्या नियमावलीत फ्रँचायझी पद्धतीला, म्हणजे अभ्यासक्रम दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायला, बंदी आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये युजीसीने एडटेक (ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या) कंपन्यांच्या बाबतीत पुन्हा जाहीर सूचना काढून सावध केलं होतं. परीक्षा कशी होणार हेही विचारा. पर्यवेक्षणाखालची परीक्षाच नसेल तर पदवी मिळणार नाही. आणि तीन वर्षांच्या बी.कॉम.वाल्याला असं ऑनलाइन एमबीए एका वर्षात कुणी देत असेल तर फोन ठेवून द्या.

इंग्रजी शिकवण्याचं शिक्षण हवं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे, हैदराबादच्या इफ्लू या भाषा विद्यापीठाचे अभ्यासक्रम आहेत. वेळ लागतो, पण तिथे कुणी अर्ध्या रात्री ओटीपी मागत नाही.

कर्ज झालंच असेल तर वेळ घालवू नका. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफची, म्हणजे कर्जातून माघार घ्यायची, मुदत असते आणि ती की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (कर्जाच्या अटींच्या गोषवाऱ्यात) लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. भाच्याला हे कुणी सांगितलं नाही, तोवर मुदत गेली होती. रागाच्या भरात मँडेट बंद करून बसू नका. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कोर्सवाल्या कंपनीविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आमच्या बाबतीत १९१५ वरची तक्रार गेल्यावर कंपनीने टीसॉलचे २८,००० परत केले, एमबीएच्या पैशाला मात्र अजून हात लावू देत नाही. त्यासाठी अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी धावावं लागत नाही.

अर्जाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो व्हॉट्सॲपच्या संदेशांचा. ‘यस सर, डिग्री युनिव्हर्सिटीकडूनच मिळेल’ हे त्या काउन्सेलर मुलीने लिहून पाठवलं होतं. भाच्याने चॅट पुसलं नव्हतं म्हणून ते हाती आलं. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा, ब्रोशरची पीडीएफ ठेवा, कॉल आलेल्या तारखा लिहून ठेवा. कंपनी ब्रोशर बदलते. आमच्यावेळचं ब्रोशर त्यांच्या साइटवर आता नाही.