तीन रविवार, एक गव्हर्नर : टिळक रस्त्यावरील अभ्यासवर्ग

टिळक रस्त्यालगतच्या एका छोट्या सभागृहात एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांच्या कारकिर्दीवर तीन रविवार चाललेला सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. स्टीव्हन्स यांचा जन्म १८१८चा, म्हणजे ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षीचा, हा योगायोग वक्त्यांच्या ध्यानी आला नाही याचे पुणेकर म्हणून जरा वाईट वाटले.

वर्गाची खरी ताकद पहिल्या दोन व्याख्यानांत होती. टेरिटरीचा, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या अमेरिकी प्रदेशाचा, गव्हर्नर लोकांनी निवडलेला नसून राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला असे, हे आधी नीट समजावल्यामुळे पुढचे सगळे उलगडत गेले. १८५३ साली वॉशिंग्टन टेरिटरीचे पहिले गव्हर्नरपद, मूळनिवासी जमातींशी व्यवहार करणाऱ्या खात्याची प्रमुखकी आणि उत्तरेकडील रेल्वेमार्गाची पाहणी ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे आली. ज्याने रुळांची वाट आखायची त्यानेच त्या वाटेवरची जमीन करारांनी मोकळी करून घ्यायची, हा मुद्दा वक्त्यांनी नकाशासह फार चांगला मांडला. डिसेंबर १८५४मध्ये जमातींशी झालेल्या मेडिसिन क्रीकच्या कराराची बोलणी चिनूक जार्गन या मोजक्या शब्दांच्या बाजारबोलीतून झाली, आणि तरीही त्यातील नेहमीच्या जागी मासे धरण्याच्या हक्काच्या कलमाच्या आधारे १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी जमातींना निम्म्या माशांपर्यंतचा वाटा मान्य केला, हे ऐकताना सभागृहात कोणी चुळबुळही केली नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र घाई झाली. १८५६मध्ये स्टीव्हन्स यांनी लष्करी कायदा पुकारून न्यायाधीश लँडर यांना अटक करवली आणि पुढे न्यायालयाच्या अवमानाबद्दल पन्नास डॉलरचा दंड ओढवून घेतला, हा प्रसंग रंगला. पण १८५८मध्ये फाशी गेलेले निस्क्वाली जमातीचे प्रमुख लेशाय यांना जेमतेम पाच मिनिटे मिळाली. त्यांच्यावरील खटला हाच या कारकिर्दीचा सर्वांत अवघड भाग होता, आणि २००४ साली एका विशेष ऐतिहासिक न्यायपीठाने त्यांना निर्दोष ठरवल्याचा उल्लेखही मी प्रश्न विचारल्यावरच झाला. १८६२मध्ये अमेरिकी यादवी युद्धातील शँटिलीच्या लढाईत स्टीव्हन्स मारले गेले, तेथे वर्ग संपला.

तीनशे रुपयांत चहासकट हे महाग म्हणता येणार नाही. टिपणांच्या छायाप्रती पुसट आहेत, आणि मागच्या रांगेत पंख्याच्या आवाजात परकी नावे ऐकू येत नाहीत, तेव्हा दहा मिनिटे आधी जाऊन पुढची खुर्ची धरावी.